तीन शिट्ट्या आणि एक लाडू : विनोदी शॉर्टफिल्म करायला शिकताना

माझी पहिली विनोदी शॉर्टफिल्म आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून दाखवली. सव्वाचार मिनिटांत एकदाच हशा पिकला, आणि तोही एक काका प्रोजेक्टरच्या वायरीत अडखळले म्हणून. शूटिंगच्या दिवशी मात्र आम्ही सातही जण पोट धरधरून हसलो होतो. हसण्यापायी कॅमेरावाल्याचा हात हलला आणि दोन टेक वाया गेले, तेव्हा आम्हाला वाटलं, आता काय, जिंकलोच.

जिना उतरताना शेजारच्या आजींनी विचारलं, "तो कुकर नक्की कोणाचा होता गं?"

आमचं काय चुकलं ते त्या एका प्रश्नात होतं. कुकर कोणाचा, हे मी शेवटचा धक्का म्हणून राखून ठेवलं होतं. त्यामुळे लोक चार मिनिटं कोडं सोडवत बसले, आणि कोडं सोडवणारा माणूस हसत नाही, कपाळाला आठ्या घालतो. पुढे तीच गोष्ट मी पुन्हा लिहिली, पुन्हा शूट केली, तीनदा कापली. मी मूळची एडिटर, त्यामुळे लिहिणं आणि सेट सांभाळणं हे मला चुका करत करतच जमलं. खाली जे सांगतेय ते सगळं त्याच एका फिल्मच्या आधाराने, म्हणजे हवेत गप्पा नकोत.

गोष्ट एवढीच. नंदू पुण्यात भाड्याने राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरमालकीण काकू शेजारच्याच दारात. जागा देताना अट घातलेली : घरात अंडंसुद्धा शिजणार नाही. नंदूने महिन्यापूर्वी काकूंचा कुकर मागून आणलाय. त्यांनी परत मागितला की तो सांगतो, रिंग गेली होती, दुरुस्तीला दिलाय. आज श्रावणातला रविवार. मित्र जेवायला येणार आहेत, गॅसवर काकूंच्याच कुकरमध्ये मटण चढलंय, आणि काकू लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या.

बघायला शिका, पण हसायला बसू नका

आवडती विनोदी फिल्म घ्या आणि त्यातला एकच प्रसंग, पाचेक मिनिटांचा, तीनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा वही घेऊन, दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबवून. वहीत विनोद उतरवायचे नाहीत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न लिहायचा : या क्षणाला कोणाला काय माहीत आहे?

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घरातल्या सगळ्यांना पाठ असते, म्हणून अभ्यासाला तीच घ्या. विनोद कुठे येणार हे आधीच ठाऊक असल्याने तो कसा बांधलाय याकडे लक्ष जातं. घरमालकिणीला भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत, म्हणून चार पुरुषांपैकी दोघं बायका होतात. हे सोंग प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर रचलं जातं. आपल्याला सगळं माहीत, घरमालकिणीला काही नाही, आणि या दोन टोकांच्या मध्ये ते चौघं लटकलेले. एकदा ही मांडणी पक्की झाली की साधा दरवाजा वाजला तरी हसू येतं, कारण दारात कोण असेल आणि त्याला काय कळता कामा नये, हे दोन्ही आपल्याला कळलेलं असतं. मूळ गोष्ट १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमातली. तरी आपल्याला ती पुण्यातलीच वाटते, याचं बरंचसं श्रेय वसंत सबनिसांच्या लेखणीला आहे.

दुसरा नमुना अगदी उलट बाजूचा घ्या : 'जाने भी दो यारों' (१९८३) मधला शेवटाकडचा महाभारताचा प्रयोग. रंगमंचावर एक प्रेत, आणि त्यासाठी धडपडणारी डझनभर माणसं. इतका गोंधळ असूनही तो समजतो, कारण प्रत्येकाला काय हवंय हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. त्या स्टेजवर विनोद करायला कोणीच आलेलं नाही. जो तो आपापलं काम जिवाच्या आकांताने करतोय.

आवाज बंद करून बघण्याचा फायदा असा की कुठला विनोद शब्दात आहे आणि कुठला चित्रात, ते लगेच उघडं पडतं. आपल्याकडे नाटकाची परंपरा दांडगी, त्यामुळे आपला हात आपोआप शब्दाकडे जातो. त्यात वाईट काही नाही. पण सिनेमा करायचा तर निम्मं ओझं चित्राने उचललं पाहिजे.

कोणाला काय माहीत : तीन रकाने

पटकथेला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने पाडा. आमच्या फिल्मसाठी ते होते प्रेक्षक, नंदू आणि काकू. आता गोष्टीतली प्रत्येक माहिती घ्या आणि ती कोणाला कधी कळते ते मांडा.

कुकर काकूंचा आहे : प्रेक्षकांना पहिल्या पंधरा सेकंदांत कळलंच पाहिजे. आत मटण आहे : तेव्हाच. घरात अंडंही चालत नाही : काकू आत पाऊल ठेवायच्या आधी. कुकर दुरुस्तीला दिल्याची थाप : पहिल्या शिट्टीच्या आधी, काकूंच्या समोर आणि नंदूच्या तोंडून.

पहिल्या खेपेला मी या चारातल्या तीन गोष्टी लपवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला चारही उघड्या केल्या आणि पाचवी एकच लपवली : काकूंना पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे, आणि मटणाला किती शिट्ट्या लागतात हेही त्यांना चांगलंच ठाऊक आहे. हे प्रेक्षकांनाही माहीत नाही आणि नंदूलाही नाही.

एका छोट्या फिल्ममध्ये एकच गोष्ट लपवायची, बाकी सगळं ताटात वाढून ठेवायचं. दोन गोष्टी लपवल्या की लोक दुसरी शोधायला लागतात आणि पहिली फुकट जाते.

रकाने पाडताना एक भोकही सापडतं. माझ्या भावाने कागद बघून विचारलं, "मटणाचा वास नाही येणार?" प्रश्न रास्त होता. अशा वेळी दोन वाटा असतात : भोक बुजवायचं, किंवा त्याचाच विनोद करायचा. आम्ही नंदूला मूठभर उदबत्त्या लावायला दिल्या. आता काकू धुरातून वाट काढत आत येतात आणि विचारतात, सत्यनारायण घातलास की काय? गोष्टीतली अडचण निस्तरता निस्तरता जो विनोद हाती लागतो, तो सुचून आलेल्या विनोदापेक्षा जास्त टिकतो. असं का ते मला नीट सांगता येणार नाही, पण हे पुन्हा पुन्हा घडताना पाहिलंय.

कागदावर

तीन-चार मिनिटांच्या फिल्मला चार-पाच पानं पुरतात. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशेब असतो, मात्र प्रश्न-उत्तरं वेगात चालली की पान मिनिटाआधीच संपतं. आमच्या पटकथेतला हा तुकडा :

दृश्य २. आत. नंदूची खोली. सकाळ.

(काकू खुर्चीत, हातात चहा. टीपॉयवर लाडवांचा डबा. धूर.)

काकू : एवढ्या उदबत्त्या? सत्यनारायण घातलास की काय?

नंदू : श्रावण ना काकू. प्रसन्न वाटतं.

काकू : बरं करतोस. आमच्याकडे तर महिनाभर कांदा-लसूणसुद्धा नाही. कुकर आला का रे?

नंदू : उद्या देतो म्हणालाय. रिंग मिळत नाहीये. जुनं मॉडेल आहे ना.

(शिट्टी. कोणी हलत नाही.)

नंदू : वरचे. रविवारी लवकर जेवतात.

काकू : वर गच्ची आहे.

नंदू : हो, गच्चीतच जेवतात.

यात एकाही वाक्यात कोटी नाही, ते मुद्दाम. नंदू थाप मारतो, ती कोसळते, आणि तो तिच्यावरच दुसरा मजला चढवतो. "वर गच्ची आहे" ला हशा येतो आणि "गच्चीतच जेवतात" ला त्याहून मोठा, कारण आता मागे फिरायची सोय उरलेली नाही. लिहिताना हशाची जागा सापडली की लगेच पुढे पळू नका. तिथेच अजून एक पायरी आहे का ते चाचपा. दोन पायऱ्या मिळाल्या तर नशीब; तिसरी ओढूनताणून चढवली की जिना पडतो.

कंसातल्या सूचना लिहिताना 'नंदू घाबरतो', 'नंदू ओशाळतो' असलं काही लिहू नका. नट तेच करून दाखवतो, मग डोळे मोठे होतात, मान हलते, आणि सगळं गणेशोत्सवातल्या स्किटसारखं दिसायला लागतं. काय करतो ते लिहा : नंदू लाडवाचा डबा काकूंपासून लांब सरकवतो.

आता तीनचा नियम. पहिल्यांदा घडतं ती घटना, दुसऱ्यांदा घडतं तेव्हा रीत ठरते, तिसऱ्यांदा रीत मोडते. आमच्याकडे पहिल्या शिट्टीला नंदू थाप मारतो. दुसरी शिट्टी सुरू होताच तो स्वतः तोंडाने शिट्टी वाजवायला लागतो, जणू मघापासून तोच वाजवत होता. तिसऱ्या वेळेला लोक त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात, आणि बरोबर त्याआधी काकूंनी आग्रहाने अख्खा बेसनाचा लाडू त्याच्या तोंडात घातलेला असतो. शिट्टी होते. नंदू ओठांचा चंबू करतो. बेसन उडतं, आवाज येत नाही. मग काकू कप खाली ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, "मटणाला सहा लागतात. अजून तीन होऊ देत."

आधीच्या खर्ड्यात लाडू नव्हता. नंदूच्या तोंडाला नुसती कोरड पडत होती, कारण मला तसं हवं होतं. लाडू आल्यावर ते काकूंमुळे घडायला लागलं, आणि काकूंना सगळं माहीत होतं हे कळल्यावर तो लाडू त्यांनी जाणूनबुजून भरवला होता असंही मागाहून लक्षात येतं. पेरणी म्हणतात ती हीच. वस्तू एका साध्या कारणाने आत आणायची आणि दुसऱ्याच कामाला लावायची. काकू शेजारणीच्या रीतीने लाडू घेऊन येतात, त्यात कोणाला काही पेरलंय असं वाटत नाही.

जाता जाता एक. कोणाची बोली, कोणाचा रंग, जाडी, तोतरेपणा यांवर हशा काढणं सोपं असतं, म्हणून पहिल्या खर्ड्यात ते हमखास येतं. ते खोडून बघा. प्रसंग तेवढाच उभा राहिला तर त्याची गरज नव्हती, आणि पडला तर मुळात प्रसंगच नव्हता.

नट आणि तालमी

विनोदी नट शोधू नका, खोटं बोलताना खरा वाटणारा नट शोधा. नंदूसाठी आलेल्यांना आम्ही संवाद वाचायला दिलाच नाही. म्हटलं, ऑफिसला उशीर का झाला ते साहेबांना सांगा. ज्याला स्वतःच्या थापेवर स्वतःचा विश्वास बसला, त्याला घेतलं.

काकूंचं काम करणाऱ्या बाई हौशी नाटकातल्या. नाटकवाल्यांना लाफ्टर घ्यायची सवय असते : वाक्य पाडायचं, थांबायचं, हशा ओसरला की पुढचं उचलायचं. ते शास्त्र खरंच मोठं आहे. दादा कोंडके 'सोंगाड्या'तून (१९७१) पडद्यावर गाजले ते 'विच्छा माझी पुरी करा' हे सबनिसांचं लोकनाट्य गावोगाव गाजवून. समोरचा प्रेक्षक कुठे हसतो, हे त्यांना रोज रात्री कळत होतं. सेटवर मात्र प्रेक्षक नसतो, आणि थांबायचं किती हे नटाने नाही, एडिटरने ठरवायचं असतं. म्हणून बाईंना सांगितलं, तुम्ही थांबू नका, हशा येणार आहे हे विसरून जा, तुम्ही फक्त चहा प्या. आवाजही निम्मा करायला लावला. शेवटच्या रांगेला ऐकू जायला हवं ही सवय सुटायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

त्यांना आणखी एक सांगितलं, जे नंदूच्या नटाला सांगितलं नाही : तुम्हाला दारातूनच मटणाचा वास आलाय. बस. त्यानंतर त्यांनी "कुकर आला का रे?" इतक्या निरागसपणे विचारलं की माझ्या अंगावर काटा आला.

दोन तालमी पुरतात. पहिलीत हालचाली बसवायच्या, कोण कुठे बसतं, डबा कुठे. दुसरीत वेग. तिसरी केलीत तर नट एकमेकांच्या विनोदाची वाट बघायला लागतात आणि ते डोळ्यांत दिसतं.

कॅमेरा : लांब उभे राहा

'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवतून जाते. तो जिथल्या तिथे उभा. हे एका लांबच्या शॉटमध्ये, मधे न कापता दिसतं. आधी भिंत, मग खिडकी, मग चेहरा असे तुकडे केले असते तर लबाडी वाटली असती. माणूस, संकट आणि सुटका एकाच चौकटीत असली की प्रेक्षकाला हिशेब स्वतः मांडता येतो.

आमच्या खोलीत हिशेब मांडायला तीन गोष्टी लागत होत्या : काकू, नंदू, आणि मागे स्वयंपाकघराचं अर्धवट लोटलेलं दार. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला आणि तिन्ही चौकटीत राहतील असा एक मोठा शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला. चार टेक. मग तसाच अख्खा प्रसंग दोघांच्या जवळच्या शॉटमध्ये. दार पूर्ण बंद ठेवलं तर धोका दिसत नाही, सताड उघडलं तर काकूंना कुकर दिसेल. म्हणून अर्धवट.

जवळचे शॉट काटकसरीने. माझ्या मते विनोदी फिल्ममध्ये क्लोजअप दोनच कामांसाठी घ्यावा : एक, वस्तू ओळखवायला, दोन, माणसाने लपवलेलं चेहऱ्यावर फुटतं तेव्हा. पहिल्या कामासाठी आमच्याकडे सोन्यासारखी वस्तू होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरायची पद्धत आहेच. कुकरच्या अंगावर काकूंचं नाव कोरलेलं, त्यावरून नंदूचा ओला हात फिरतो आणि तो घाईघाईने ती बाजू भिंतीकडे वळवतो. अडीच सेकंदांचा शॉट. आजींच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात मिळालं, एक शब्द न बोलता. कुकर कोणाचा हेही कळलं आणि नंदूच्या मनात काय आहे हेही.

फोनवर शूट करणार असाल तर हाताने सेटिंग करता येणारं अ‍ॅप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिव्यांखाली पडद्यावर पट्टे फिरायची शक्यता बरीच कमी होते. फोकस आणि उजेड लॉक करा. विनोदी फिल्मला अंधारात रंगवलेले चेहरे नकोत, भरपूर सपाट उजेड द्या. डोळे दिसले नाहीत तर थाप दिसणार नाही.

सेटवरच्या हसण्यावर तर अजिबात जाऊ नका. चौथ्या टेकला सगळे हसतात ते थकव्याने.

शिट्टीचा आवाज

खऱ्या कुकरच्या भरवशावर राहाल तर दिवसभर बसाल. पहिली शिट्टी यायला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि ती आली की नेमकी संवादावर येते. शिवाय रिकामा कुकर गॅसवर ठेवायचा नसतो. आम्ही वाफेचा एक शॉट काढण्यापुरता आत पाणी घालून तो चढवला, बाकी वेळ बंद. टेकच्या वेळी एक मुलगा दाराआड उभा राहून ठरल्या जागी तोंडाने 'फुस्स' करायचा, म्हणजे नटांना दचकायला काहीतरी मिळायचं. त्याचं फुस्स संवादावर येणार नाही एवढी काळजी घ्यायची. खरी शिट्टी नंतर बसवायची.

शिट्ट्या वेगळ्या रेकॉर्ड करा, आणि वेगवेगळ्या. आमच्या घरी भाताचा कुकर लावलेला असताना मी फोन कुकरपासून हातभर लांब धरून अकरा शिट्ट्या घेतल्या. त्यातली एक अर्धवट, रडकी निघाली, सुरू होऊन मधेच दम सुटलेली. तीच पहिली शिट्टी म्हणून वापरली. ऐकणाऱ्याला वाटतं, हुश्श, वाचला. आणि मग तिचा उरलेला अर्धा भाग येतो.

संवाद टिपताना पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे यजमानांचं दूध नासत नाही.

पार्श्वसंगीताबद्दल माझं मत कडक आहे. 'टुंईं', 'ढँगऽ', खाली घसरणारी ट्रॉम्बोन : हे लावावंसं वाटलं की समजा तिथला विनोद चाललेला नाही. आमच्या फिल्ममध्ये संगीत नाही. शिट्ट्यांच्या मधली शांतता हेच तिथलं तबल्याचं काम करते.

कापताना

एडिटला बसलात की आधी अख्खा मोठा शॉट जसाच्या तसा लावा आणि बघा. त्यातच चालत असेल तर कापू नका. आम्ही 'वर गच्ची आहे' चा संपूर्ण तुकडा एकाच शॉटमध्ये ठेवला, कारण काकू बोलत असताना नंदू काय करतोय आणि नंदू बोलत असताना काकू काय करताहेत, हे दोन्ही एकदम बघण्यात मजा होती.

कापायचंच तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : हसू बहुतेक वेळा बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्यावर येतं. शेवटचं वाक्य आधी मी काकूंच्या चेहऱ्यावर ठेवलं होतं. मग कापून नंदूच्या चेहऱ्यावर टाकलं : तोंडात लाडू, हनुवटीवर बेसन, आणि आवाज काकूंचा. फरक इतका की मी एकटी टेबलावर बसून हसले.

थांबे फ्रेममध्ये मोजा. २५ फ्रेम म्हणजे एक सेकंद, आणि विनोदात पाच फ्रेम ही मोठी रक्कम आहे. पहिल्या शिट्टीनंतर 'कोणी हलत नाही' ही जागा मी आधी १५ फ्रेमची ठेवली होती. घाई वाटली. ४० केल्या, तर नट संवाद विसरल्यासारखा वाटला. ३० वर शांतता बसली. हा आकडा तुमच्या कामाचा नाही, तुमच्या नटांच्या श्वासाप्रमाणे तो बदलेल. पण दोन-चार पर्याय कापून शेजारी शेजारी बघायची सवय लावा, आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. रात्री दोन वाजता सगळंच विनोदी असतं.

सुरुवात निर्दयपणे छाटा. आमच्या पहिल्या कापणीत नंदू बाजारातून येतो, कुलूप काढतो, पिशवी ठेवतो, ४० सेकंद. ते सगळं गेलं. आता फिल्म कुकरचं झाकण लागतं तिथून सुरू होते.

लोकांसमोर

मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' (१९३५) चं शूटिंग करण्याआधी त्यातले प्रसंग रंगमंचावर नेऊन दौरा केला होता. कुठली ओळ चालते, हशा किती वेळ टिकतो, हे खऱ्या प्रेक्षकांवर मोजलं आणि त्या मापाने पडद्यावर जागा सोडली. आपल्याला दौरा परवडणार नाही, पण आठ माणसं परवडतात.

आठच बोलवा, आणि फिल्ममध्ये काम केलेलं कोणी नको. एकट्याला लिंक पाठवून काही कळत नाही. फोनवर एकटा बघणारा माणूस चांगला विनोदही नुसता नाकाने फुस्स करून सोडून देतो. एका खोलीत बसवा, मोठ्या पडद्यावर दाखवा, आणि दुसऱ्या फोनवर खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. नंतर ते रेकॉर्डिंग एडिटच्या टाइमलाइनवर फिल्मखाली लावा. कुठे हसले, कुठे अर्धवट हसले, कुठे खुर्च्या कुरकुरल्या, सगळं समोर दिसतं. कुरकुरणाऱ्या खुर्च्या सगळ्यात प्रामाणिक.

फिल्म संपल्यावर "कशी वाटली?" विचारू नका. "छान आहे" म्हणतील आणि चहाकडे वळतील. कळलं का ते विचारा : कुकर कोणाचा? तो दुरुस्तीला दिलाय असं नंदू का म्हणाला? काकूंना कधी कळलं असेल? आमच्या दुसऱ्या खेपेला आठपैकी सात जणांनी पहिली दोन उत्तरं बरोबर दिली. तिसऱ्यावर त्यांच्यातच वाद लागला. "दारातच कळलं", "नाही, दुसऱ्या शिट्टीला", "अगं, कांदा-लसूण म्हणाली तेव्हा तिने स्वयंपाकघराकडे बघितलं". तेव्हा मी चहा टाकायला उठले.

रेकॉर्डिंगमधून दोन दुरुस्त्या निघाल्या. "वर गच्ची आहे" चा हशा इतका लांबला की "गच्चीतच जेवतात" कोणाला ऐकूच गेलं नाही. तिथे नंदू चहाचा घोट घेतो असा एक टेक होता, तो आत घातला : सव्वा सेकंद. आणि उदबत्तीवर कोणीच हसलं नाही. ती मी काढणार होते, पण काढली की वासाचा प्रश्न परत उभा राहतो. म्हणून ठेवली.

महोत्सवाला पाठवायची तर इंग्रजी सबटायटल लागतात, आणि तिथे एक सापळा आहे. ओळ पडद्यावर आली की लोक ती नटाच्या आधी वाचून मोकळे होतात. काकूंचं शेवटचं बोलणं एका पट्टीत टाकलं होतं, तर प्रेक्षक "मटणाला" हा शब्द त्यांच्या तोंडून येण्याआधीच हसून शांत झाले, आणि "अजून तीन" कोरडं गेलं. आता त्याच्या दोन पट्ट्या केल्यात. पहिली काकूंच्या आवाजाबरोबर येते, अगोदर नाही. मग ती जाते, पडदा १२ फ्रेम मोकळा राहतो, नंदू लाडू गिळायचा प्रयत्न करतो, आणि त्यानंतर दुसरी.